आतून बसवलेली पाटी

१

छपरं बघत चालायची खोड असली की माणूस विजेच्या खांबाला धडकतो. मी धडकले आहे, आणि एकदा तर एका अनोळखी गृहस्थांच्या पोटाला. दादा म्हणतो, "बारके, तुझं लग्न छपराशीच लावून द्यायला हवं होतं." म्हणणारा स्वतः कुठे वेगळा आहे? आम्ही दोघं भाऊबहीण छपरं दुरुस्त करतो. आधी बाबा करायचे, त्यांच्यामागे दादा शिकला आणि दादाच्या मागे शेपटासारखी मी.

सगळ्या छपरांत आमचा जीव मॅन्सार्डवर. ज्यांनी नीट पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. या घरांचा शेवटचा मजला भिंतींत नसतो, छपरातच असतो. माथ्यावर छप्पर जवळजवळ सपाट असतं, आणि कडेला आलं की एकदम खाली वळतं, भिंतीसारखं उभं. त्या उभ्या उतारावर काळ्या दगडाच्या पाट्या, एकीवर एक चढवलेल्या, आणि मधून मधून खिडक्या. रस्त्यावरून बघितलं तर घराने टोपी भुवयांपर्यंत ओढल्यासारखं दिसतं. आत मात्र सरळ भिंतींची खोली. आता उतार थोडा तिरपा आणि खोलीची भिंत सरळ, म्हणजे दोघांच्या मध्ये पाचरीसारखी पोकळी राहणारच. वर अरुंद, खाली माणूस गुडघे दुमडून बसेल इतकी रुंद, आणि घराच्या चारही बाजूंनी फिरलेली. राहणाऱ्यांना तिचा पत्ताही नसतो. आमचं निम्मं आयुष्य तिच्यात गेलं आहे.

आमची कामाची पद्धत बाबांची. एकाने बाहेर उतारावर दोराला लटकायचं, दुसऱ्याने आत पोकळीत शिरायचं. हाका मारायच्या नाहीत, कारण हाक वाऱ्यात विरते आणि लाकूड मात्र ठोका इमानदारीने पोचवतं. बाहेरच्याने हातोडीच्या दांड्याने दोनदा ठोकायचं. आतल्याने तिथेच दोनदा ठोकून वर नखाने एक लांब ओरखडा काढायचा. त्याचा अर्थ, इथे आहे, सगळं ठीक आहे. आमच्या घरात आजारपणातसुद्धा कुणी "बरं वाटतंय" असं तोंडाने सांगत नाही, पलंगाच्या लाकडावर ठोकतात.

गेल्या वर्षापासून दादाचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, उंचावर चढू नका म्हणाले. दादाने नाव आणि गोळ्या घेतल्या, सल्ला तिथेच ठेवून आला. त्याच्या ठोक्यातही ती थरथर येते. दोन ठोक्यांच्या मागे बारीक टकटक ओघळते, कपबशी घेऊन येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात वाजते तशी.

त्या सकाळी निघताना वहिनीने मला दाराबाहेर गाठलं. "हे शेवटचं छप्पर. त्याने शब्द दिलाय मला," ती म्हणाली. "बारके, त्याला सुखरूप घरी आण. मला दुसरं काही नको."

"आणते," मी म्हटलं. दादा जिन्याखाली उभा राहून पिशवीचे बंद उगीचच परत परत बांधत होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

२

काम तसं किरकोळ होतं. कोपऱ्यावरच्या एका मोठ्या घराच्या छपरावरून एक पाटी निसटून खाली फुटपाथवर पडली होती. नशिबाने कुणाच्या डोक्यात नाही, एका कुंडीत. घरमालकीण बाई पूर्वी दातांच्या डॉक्टर होत्या. निवृत्त झाल्या तरी समोरच्याशी बोलताना त्यांची नजर तोंडाच्या आतच जायची. दादा हसला तर त्या म्हणाल्या, "मागची दाढ दाखवून घ्या कुणाला तरी."

पाटी त्यांनी पुसून टेबलावर ठेवली होती. दादाने ती उचलली, बोटाच्या पेराने वाजवली. खणखणीत आवाज आला. "बघ गं," तो म्हणाला, "अजून शंभर वर्षं टिकली असती. पडली कशाला ही?"

"माझा जन्म या घरातला," बाई म्हणाल्या. "छपराला आजवर कुणाचा हात लागलेला नाही. कधी थेंब गळला नाही."

असं सगळेच मालक सांगतात. लोकांना स्वतःचं वय आणि छपराची गळती कधी आठवत नाही. पण रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन आम्ही मान वर केली. काय छप्पर होतं ते! उतार नुसता उभा नव्हता, मध्ये अगदी किंचित आत दबलेला आणि तळाशी परत बाहेर झुकलेला, आणि त्या वळणावर पाट्यांच्या ओळी इतक्या सरळ गेल्या होत्या की कुठे पाणी थांबायला जागा नाही. सहसा अशा जुन्या छपरावर कुठे ठिगळ दिसतं, कुठे शेवाळ, कुठे कुणी घाईने मारलेला पत्रा. इथे काहीच नव्हतं. मला खरंच, सांगायला लाज वाटते, रडू आलं.

"हे बांधणाऱ्याला बायकोने घरी बोलवलंच नसेल," दादा म्हणाला. "अशी माणसं घरच्या कामाची नसतात."

मग त्याने डोळे बारीक केले आणि एकेका ओळीवरून नजर फिरवली. डावीकडून उजवीकडे, परत उजवीकडून डावीकडे. मीही फिरवली. कुंडीच्या नेमक्या वरची बाजू, तिच्या शेजारची, कोपऱ्यापलीकडची. पाटी पडली होती आणि भोक कुठेच नव्हतं.

३

दोर बांधून मी बाहेर उतरले. दादा वरच्या मजल्यावर, बाईंनी भाचीसाठी रिकामी केलेल्या खोलीत थांबला. त्याला उतारावर लटकू द्यायचं नाही हे मी मनात पक्कं करून आले होते आणि आश्चर्य म्हणजे त्याने वादही घातला नाही.

छपराच्या मधली पाटी बदलणं हे किचकट काम. पाटीचा खिळा तिच्या वरच्या ओळीखाली झाकलेला असतो. एक पाटी निसटली की तिथे नवी सरकवता येते, पण खिळा मारता येत नाही, म्हणून तारेचा आकडा लावून तिला खालून धरून ठेवावं लागतं. तो आकडा कायमचा दिसत राहतो. जगातल्या कुठल्याही छपरावर तुम्ही आमच्यासारख्यांची चूक नाहीतर खटपट मोजू शकता.

मी पाट्यांवर हात फिरवत सरकत होते आणि एका पाटीवर हात थांबला. ती इतरांहून थंड होती. बाकी पाट्यांवर उन्हापावसाची राखाडी साय चढली होती, हिच्यावर नव्हती. नवी होती. आकडा नाही, पत्रा नाही. शेजारच्या पाट्या हललेल्यासुद्धा नाहीत. असं एकाच पद्धतीने होतं. खूप जुन्या काळी पाटीला वरच्या बाजूला भोक पाडून त्यात लाकडाची खुंटी घालत आणि ती आतल्या रिपेवर, म्हणजे आडव्या लाकडी पट्टीवर, अडकवत. तशी पाटी बसवता येते, पण फक्त आतून. पोकळीत बसून.

मला आनंद झाला, हे आधी सांगते. भीतीबिती काही नाही. कुणीतरी आमच्याआधी येऊन गेलं होतं आणि तो माणूस उस्ताद होता. मी पट्कन दादाला कळवायचं म्हणून हातोडीच्या दांड्याने दोनदा ठोकलं.

लगेच उत्तर आलं. पाटीच्या अगदी मागून, माझ्या तळहाताखाली. दोन ठोके आणि एक लांब ओरखडा. स्वच्छ, ठाम, बाबांचा असायचा तसा.

मी दोराने बाजूच्या खिडकीपाशी सरकले आणि आत डोकावून म्हटलं, "दादा, तू आत शिरलाससुद्धा?"

दादा खोलीच्या मधोमध खुर्चीवर बसून चहा पीत होता. कप दोन्ही हातांनी धरला होता, त्याला हल्ली तसाच धरावा लागतो. बाई त्याच्यासमोर बशीत बिस्किटं घेऊन उभ्या होत्या. "कुठे शिरू?" तो म्हणाला. "दार तर सापडू दे."

मी बाहेर लटकत विचार केला. लाकूड तापलं की वाजतं. पारवे पोकळीत घरटी करतात. शिवाय आपला कान जे ऐकायची सवय असते तेच ऐकतो. यातलं एकेक कारण ठीक होतं. सगळी एकदम लागावीत, हे मात्र मला आवडलं नाही.

४

दार कपाटामागे सापडलं. गुडघ्याएवढं, कडी नसलेलं, रंगाखाली दडलेलं. दादाने चाकूने रंग कापून ते उघडलं आणि आतली हवा बाहेर आली. अशा पोकळीत धूळ, उंदीर, जुना कोळसा यांचा वास असतो. इथे ताज्या रंधलेल्या लाकडाचा वास होता.

"मी जाते आत," मी म्हटलं.

"तू बाहेर बघ. आतलं मला बघू दे." त्याचा चेहरा शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरासारखा झाला होता. "बारके, अगं, हे पुन्हा कधी बघायला मिळणार मला?"

आत पडण्यासारखं काही नव्हतं. उतारावर लटकण्यापेक्षा शंभर पटींनी बरं. मी त्याला बॅटरी दिली, त्याने ती पडलेली पाटी काखेत घेतली आणि आत गेला. मी परत बाहेर दोराला.

थोड्या वेळाने त्याचा आवाज पाट्यांतून आला, दबलेला, पण आनंदाने फुटलेला. "बारके! खुंट्या आहेत गं सगळीकडे! एकसुद्धा खिळा नाही! आणि काय तासल्यात, काय तासल्यात!"

मी ठोकलं. उत्तर आलं. दोन ठोके आणि ओरखडा, आणि मागे ती बारीक टकटक. दादाच होता. मी पुढच्या खिडकीपर्यंत सरकले आणि परत ठोकलं. पुन्हा उत्तर, पुन्हा थरथर. मग आम्ही घराचा कोपरा वळलो, तो आतून, मी बाहेरून. मी ठोकलं.

दोन ठोके. ओरखडा. थरथर नाही.

मी पुन्हा ठोकलं. पुन्हा तसंच, सरळ आणि स्वच्छ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, बघा, चांगलं काम नजरेला पडलं आणि याचा हात थांबला. गोळ्यांनी झालं नाही ते या छपराने केलं. मी किती वेळ त्याच्याशी नुसते ठोके देत-घेत राहिले कुणास ठाऊक. घाई कसलीही केली नाही. त्याला राहू दे आत, म्हटलं. मनसोक्त बघू दे. लहानपणी आम्ही भिंतीच्या दोन बाजूंना बसून असंच खेळायचो आणि आई ओरडेपर्यंत थांबायचो नाही.

माणसाचा ठोका ओळखता येतो असा आमचा अभिमान. त्या दिवशी मी थरथर गेली म्हणून खूश झाले. ती गेली तर ठोका कुणाचा, असं मनात आलंच नाही.

आलं तेव्हा उशीर झाला होता. मी तिसऱ्या बाजूला होते. ठोकलं, तर माझ्या समोरून उत्तर आलं. आणि मग, माझं ठोकणं न होताच, पलीकडच्या कोपऱ्यातून आलं. मग वरून, माथ्याच्या वळणाखालून. प्रत्येक ठिकाणी दोन ठोके आणि ओरखडा. सगळे स्वच्छ. कामावरच्या माणसांनी एकमेकांना कळवत राहावं तसे, घराच्या भोवती फिरत गेले. इथे आहे, सगळं ठीक आहे. इथे आहे, सगळं ठीक आहे.

मनात पाल चुकचुकली म्हणतात, तसं नव्हतं ते. तळहात इतके ओले झाले की दोर निसटायला लागला. पद्धतबिद्धत सोडून मी ओरडले, "दादा! बाहेर ये! आत्ताच्या आत्ता बाहेर ये!"

५

मी खिडकीतून खोलीत उडी मारली तेव्हा दादा दारातून बाहेर येऊन गुडघे झटकत होता.

मी त्याला मिठी मारली. तो हसला. "काय गं? साप बघितलास की काय?" आवाज त्याचा, हसणं त्याचं, भुवईवरचा व्रण त्याचा. अंगाला रंधलेल्या लाकडाचा वास.

"आत आणखी कोण आहे?" मी विचारलं.

"कोण असणार? मी होतो."

"मला सगळीकडून ठोके आले."

"पोकळी आहे, आवाज फिरणारच." हे मी स्वतःला सांगितलं असतं, नेमकं तेच त्याने सांगितलं. मला हायसं वाटलं. तेच कारण तिसऱ्याच कुणाच्या तोंडून आलं असतं तर अजून बरं वाटलं असतं, असा एक वेडगळ विचारही आला.

"ती पाटी कुठेय?"

"आतच ठेवली. लागेल कधीतरी."

बाई चहाचा दुसरा कप घेऊन आल्या. दादाने एका हाताने कप घेतला, बोटं कपाच्या कानात अडकवून, आणि तो ओठांपर्यंत नेला. कप बशीवर वाजला नाही. चहावर साधी लहरसुद्धा उठली नाही.

"अरे वा," बाई त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या. "वर गेल्यावर माणूस तरुण होतो की काय? दाढसुद्धा छान आहे हो तुमची. सकाळी माझं काहीतरी चुकलं."

दादा हसला. मी त्याच्या हाताकडे बघत राहिले. वर्षभर मी देवाजवळ दुसरं काही मागितलं नव्हतं. हा हात थांबू दे, एवढंच. तो थांबला होता आणि मला त्याला स्पर्श करवत नव्हता.

बाई कप घेऊन खाली गेल्या. दादा दोर गुंडाळायला लागला. तेव्हा भिंतीच्या मागून आवाज आला, लांबून, घराच्या पलीकडच्या बाजूने. दोन ठोके. एक ओरखडा. आणि मागे ती बारीक टकटक.

दादा दोर गुंडाळत राहिला.

६

मी गुडघ्यांवर बसले आणि त्या दारात डोकं घातलं.

सांगते ते एवढंच पाहिलं. पोकळी अंधारी नव्हती. पाट्यांच्या फटींतून दुपारचा राखाडी उजेड येत होता आणि त्यात रिपांच्या ओळी लांबवर जात होत्या, इतक्या सुंदर, की त्या क्षणीही माझी नजर आधी त्यांच्यावरून फिरली. शेवटी, जिथे पोकळी कोपरा वळते, तिथे एक हात दिसत होता. खांद्यापासून पुढचा. बाही दादाच्या शर्टाची. हात थरथरत होता. त्याने पाटी उचलली, भोकात खुंटी घातली, रिपेवर अडकवली. खुंटी बसली आणि थरथर थांबली. हात तसाच पसरलेला राहिला, वाट बघत. मग वळणाच्या पलीकडून कुणीतरी पुढची पाटी त्याच्यावर ठेवली.

"दादा," मी म्हटलं. आवाज फुटला की नाही कोण जाणे. "दादा, घरी चल. वहिनी वाट बघतेय."

हात थबकला. मला वाटलं, तो येणार. मग दोन ठोके आले आणि ओरखडा आला, लांब, सावकाश, जसा बाबा आम्हाला निजवताना काढायचे. मी परत हाक मारली. तेच उत्तर. त्यात दुःख नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. इतका समाधानी ठोका मी दादाचा कधी ऐकला नव्हता. मी आत शिरायला हात पुढे टेकला, आणि मला जावंसं वाटलं. फक्त त्याला आणायला नाही. ती पाट्यांची वीण जवळून बघायला. ते कळलं आणि मी अंग मागे खेचलं.

"काय बघतेयस?" मागून दादाने विचारलं. "मी इथेच आहे की."

त्याने वाकून दार लावलं. मग कपाट एकट्याने सरकवलं, जे सकाळी आम्हा दोघांना मिळून जेमतेम हललं होतं.

जिन्यावर मी त्याला पुढे जाऊ दिलं. रस्त्यावर आल्यावर त्याने मान वर करून छपराकडे पाहिलं नाही, आणि दादा आयुष्यात कधी छपराखालून असा गेला नव्हता. मीच पाहिलं. ऊन कलतीला लागलं होतं आणि त्या उभ्या उतारावर काळ्या पाट्या ओळीने चमकत होत्या. एकही उणी नव्हती. इतकं देखणं काम मी पुन्हा बघणार नाही.

घरी वहिनीने दार उघडलं. तो तिच्याकडे बघून हसला, तिने त्याचा उजवा हात हातात घेतला आणि थरथर गेल्याचं तिला कळलं. तिने तो हात गालाला लावला, कपाळाला लावला. हसत होती, रडत होती. तो नुसता उभा होता, हात तिच्या हातात सोडून. मग तिने त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आणलंस गं बाई," ती म्हणाली. "सुखरूप आणलंस."

"हो," मी म्हटलं.